'आर-टाइप' इतका अवघड असूनही सोडवत का नाही?

अमळनेरहून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "सेलमध्ये 'आर-टाइप डायमेन्शन्स ईएक्स' घेतला. पहिल्या स्टेजच्या बॉसपर्यंतही पोहोचत नाही. एक गोळी लागली की विमान फुटतं आणि खेळ मागे जातो. जुनी मंडळी या गेमला डोक्यावर घेतात ते कशासाठी? लहानपणच्या आठवणी सोडल्या तर त्यात काही आहे का? आणि माझे रिफ्लेक्स कमी पडत असतील, तर मी यावर वेळ घालवू का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. 'आर-टाइप' हा विमानातून गोळ्या मारत पुढे जायचा जुना गेम, तू घेतलीस ती त्याची नवी आवृत्ती. हा चपळ बोटांचा गेम नाही. धुळ्यात माझं टीव्ही आणि व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान आहे, मागच्या खोलीत गेम तासावर चालतात, आणि हा गेम मी स्वतः अनेक वर्षं खेळतोय. पोरांचे हात बघून बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे जातो तो चपळ पोरगा. महिन्याभराने सगळ्यात पुढे असतो तो बघणारा पोरगा. आउट झाल्यावर रिमोट आपटत नाही, "गोळी कुठून आली?" म्हणून पडद्याकडे बघत बसतो, तो. तेव्हा रिफ्लेक्सचं मनातून काढून टाक. साधारण माणसाचे हात या गेमला पुरतात.

आता आठवणींचं. खान्देशात 'आर-टाइप'च्या लहानपणच्या आठवणी कुणाकडे असायचं फारसं कारणच नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आले ते 'मीडिया', 'लिटल मास्टर' असले सेट. आत सगळी जपानच्या फॅमिकॉम या घरच्या गेम-सेटची नक्कल. एका कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले असायचे आणि खरे निघायचे मोजकेच, तेच ते फिरवून फिरवून. त्यात 'कॉन्ट्रा' होता, कुणाच्या नशिबाने 'ग्रेडियस' असायचा. 'आर-टाइप' नव्हता, कारण तो फॅमिकॉमवर कधी निघालाच नाही. आमच्या भागातल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदा बघितला तो पुढे, कॉम्प्युटर आल्यावर. मिसरूड फुटल्यावर खेळायला घेतलेल्या गेमला बालपणीच्या प्रेमाची सवलत मिळत नाही. तरी तो धरून ठेवतो, म्हणजे जे काही आहे ते गेमच्या बांधणीतच असणार.

ती बांधणी कुठून आली ते थोडक्यात सांगतो. १९८१ साली कोनामीचा 'स्क्रॅम्बल' आला. त्यात पडदा आपोआप सरकत राहतो, डोंगर-बोगदे अंगावर येत राहतात, आणि थांबायची सोय नाही. १९८५ च्या 'ग्रेडियस'ने त्यात शस्त्रं निवडायची सोय आणली. लाल कॅप्सूल गोळा करायच्या, खालच्या पट्टीवर खूण पुढे सरकवायची, आणि हवं ते शस्त्र आलं की बटण दाबायचं. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, आयरेम कंपनीने 'आर-टाइप' काढला. हे सगळे नाणं टाकून खेळायच्या मशीनचे गेम. जपानात १०० येनचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. मशीनवाल्याला गिऱ्हाईक लवकर आउट व्हायला हवं असतं, म्हणजे पुढचं नाणं पडेल. पण गिऱ्हाईक विनाकारण मेलं तर ते शेजारच्या मशीनकडे जातं. म्हणून गेम बनवणाऱ्याला दोन्ही सांभाळावं लागे. मारायचं तर पटकन, आणि मरणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे की चूक आपली होती आणि पुढच्या वेळी ती टाळता येईल. मी स्वतः तासाच्या हिशेबाने गेम चालवतो, त्यामुळे मला याचं मोल चांगलं कळतं. तासावर खेळणारा पोरगा कंटाळला तरी तास भरेपर्यंत बसतो. नाण्यावर खेळणाऱ्याला दर दोन-तीन मिनिटांनी नव्याने पटवावं लागतं. तुला जो कडकपणा जाचतोय, त्याचं मूळ या हिशेबात आहे, आणि गेमचा सच्चेपणाही तिथूनच आला आहे.

'आर-टाइप' बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरतो तो 'फोर्स'मुळे. शत्रू मारल्यावर पडणारी पहिली पॉवर घेतलीस की मागून एक गोल नारिंगी गोळा तरंगत येतो, तो फोर्स. बहुतेक नवी पोरं त्याला नाकाला चिकटवतात आणि शेवटपर्यंत तसाच ठेवतात. म्हणजे निम्मा गेम त्यांनी खेळलाच नाही. फोर्स नाकाला लागतो, शेपटीलाही लागतो. एका बटणाने तो फेकता येतो आणि त्याच बटणाने परत बोलावता येतो. तो फुटत नाही. साध्या गोळ्या अंगावर घेतो आणि शत्रूला नुसता टेकला तरी त्याला भाजतो. दूर फेकलेला असताना तू गोळी झाडलीस की तोही तिकडून झाडतो. म्हणजे दर सेकंदाला तुझ्यासमोर प्रश्न असतो की ढाल आत्ता कुठे हवी. पुढे ठेवलीस तर पाठ उघडी. मागे लावलीस तर समोरच्या गोळ्या स्वतः चुकवायच्या. फेकून दिलीस तर लांबचा शत्रू मरतो, पण ती परत येईपर्यंत तू उघडा. आणि ती सावकाश परत येते, मनाच्या वेगाने नाही.

त्यावर दुसरा प्रश्न चार्जचा. बटण दाबून धरलं की खालची पट्टी भरत जाते, आणि सोडलं की मोठा झोत सुटतो. पण पट्टी भरत असताना साधी गोळी बंद. दाबून धरायचं की टकटक मारत राहायचं, हे प्रत्येक जागी वेगळं ठरतं. आमच्याकडे जुन्या सेटवर टर्बो बटण असायचं, दाबून ठेवलं की गोळ्या आपोआप सुटायच्या. त्या सवयीची पोरं इथे अडकतात, कारण हा गेम गोळ्या न मारण्याचाही विचार करायला लावतो. शस्त्रंही तशीच. लाल स्फटिक घेतलास तर समोर जाड वळसेदार लेझर, निळा घेतलास तर भिंतीला आपटून परतणारा, पिवळा घेतलास तर जमिनीला आणि छताला धरून सरपटणारा. कोणता चांगला, याला उत्तर नाही. पुढची गुहा कशी आहे त्यावर ते ठरतं, आणि पुढची गुहा कशी आहे हे तिथे जाऊन आलेल्यालाच ठाऊक असतं.

हीच या गेमची मुख्य ओढ आहे असं माझं ठाम मत आहे. इथे अडचण आपली जागा सोडत नाही. शत्रू दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच क्षणी येतो. पडदा दर वेळी त्याच गतीने सरकतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट रोज चढणाऱ्या बस ड्रायव्हरला विचार. धुकं असलं तरी कोणत्या वळणाला आधीच गिअर टाकायचा हे त्याला माहीत असतं, आणि नवखा तिथेच घाम पुसत असतो. घाट दोघांना एकच. पन्नासाव्यांदा 'आर-टाइप'ची तिसरी स्टेज खेळताना तुलाही तेच वाटेल. ती अख्खी स्टेज म्हणजे एकच अजस्र युद्धनौका आहे. तिच्या पोटाला घासून जायचं, एकेक तोफ उडवायची, आणि नौका अंगावर सरकली की आधीच ठरवलेल्या फटीत शिरायचं. पहिल्यांदा सगळा पडदा लोखंडाने भरून येतो आणि पळायला जागा दिसत नाही. जागा पहिल्यापासून तिथेच असते.

अभ्यासाची एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. कितीतरी शत्रू तुझ्यावर नेम धरून मारतात, आणि त्यांची गोळी झाडली त्या क्षणी तू जिथे असतोस तिथे येते. तू कुठे जाणार आहेस ते त्यांना माहीत नसतं. म्हणजे गोळी कुठे जाणार हे निम्मं तुझ्याच हातात आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात थोडा थांब, सगळ्यांना तिकडे मारू दे, मग सावकाश खाली ये. वरचा भाग गोळ्यांनी भरलेला आणि खालचा मोकळा. नवा पोरगा उलट करतो. घाबरून वर-खाली, वर-खाली नाचतो, आणि गोळ्या सगळीकडे पसरवून ठेवतो. मग म्हणतो जागाच नाही. माझ्या खोलीत कुणी असं नाचायला लागला की मी एवढंच म्हणतो, "भो, कमी हल." त्यात बराच गेम आला.

पहिल्या स्टेजचा बॉस, म्हणजे शेवटी येणारा मोठा शत्रू, तुला दिसलेला नाही, म्हणून त्याच्याबद्दल नीट सांगतो. त्याच्या आधी तोफांचं एक मोठं वर्तुळ येतं, तिथेच बहुतेक नवे पडतात. तिथे फोर्स नाकाला ठेव आणि वर्तुळ जवळ यायच्या आधीच चार्ज भरून तयार राहा. पहिल्या झोताने एक बाजू फुटली की तीच तुझी वाट. मग बोगदा संपतो आणि पडद्याच्या उजव्या बाजूला डॉबकेराटॉप्स उभा दिसतो. लांबट डोक्याचा, फासळ्या बाहेर आलेला, खाली वळवळणारी शेपटी. नवा माणूस त्याच्या डोक्यावर मारत सुटतो आणि काही होत नाही, कारण डोक्याला काही होतच नाही. त्याच्या पोटात बघ. तिथून दुसरा एक लहान जीव तोंड बाहेर काढतो, मारा करतो आणि परत आत जातो. खरा बॉस तो. शेपटी कुठपर्यंत पोहोचते ते एकदा बघून घे आणि त्या पट्ट्याच्या बाहेर राहा. मग पोटाच्या बरोबर समोरच्या उंचीवर ये आणि फोर्स फेक. उंची बरोबर असेल तर फोर्स थेट पोटाशी जाऊन बसतो आणि तिथेच त्याला भाजत राहतो. तू मागून साध्या गोळ्या मार. हवेत घाबरून फिरत खेळलास तर लढाई लांबते. हे जमलं तर तुला आश्चर्य वाटेल इतक्या लवकर संपते.

इथे कुणी तुला शाबासकी देत नाही, शस्त्र बक्षीस देत नाही, पातळी वाढली असं सांगत नाही. विमान पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे. वाढलेलं आहे ते तुझं बघणं. माझ्या खोलीत पोरं बॉस मारून ओरडतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते आजच्या मोबाइल गेममध्ये मला क्वचित दिसतं. आजचे बरेच गेम अडकवतात आणि मग सुटण्यासाठी पैसे मागतात, किंवा तू चार वेळा हरलास की गुपचूप सोपे होतात. जिंकल्यावरही मनात राहतं की मी जिंकलो की मला जिंकू दिलं. 'आर-टाइप'मध्ये ती शंका येत नाही.

चेकपॉइंटची, म्हणजे मेल्यावर खेळ मागच्या ठरलेल्या जागी जाण्याची, तुझी तक्रार मात्र खरी आहे आणि मी तिला हलकं म्हणणार नाही. मेलास की सगळी शस्त्रं जातात, फोर्ससुद्धा, आणि तुला मागे नेऊन नागडं उभं केलं जातं. पुढच्या स्टेजमध्ये तर असे काही चेकपॉइंट आहेत की तिथून बिनशस्त्राने निघणं हाच एक वेगळा गेम आहे. 'ग्रेडियस'चं दुखणं याहून जुनं. तिथे ताकद पूर्ण असताना मेलास तर परत उभं राहणं इतकं कठीण, की खेळणारे तिथेच हात टेकतात. शिवाय तो गेम तुझी शस्त्रं आणि तू किती वेळ जिवंत आहेस हे बघून आतून अवघड होत जातो. 'ग्रेडियस' घरच्या मशीनवर आणणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोला तपासण्यासाठीसुद्धा तो पार होईना, म्हणून त्याने वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए हा छुपा मंत्र आत ठेवला. १९८६ सालची ही गोष्ट. पुढे 'कॉन्ट्रा'मध्ये त्याच मंत्राने तीस लाइफ मिळायला लागल्या. असला गेम बनवणाऱ्यालाच जड गेला, तर 'आर-टाइप'मध्ये तू पहिल्या आठवड्यात अडखळलास याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तरी मी चेकपॉइंटच्या बाजूने आहे. मेल्याजागीच लगेच जिवंत झालास तर तू ती जागा शिकत नाहीस, नुसता ओलांडतोस. मागे नेल्यामुळे ती वीस-तीस सेकंदांची वाट पुन्हा पुन्हा चालावी लागते, आणि सहाव्या-सातव्या वेळी हात आपोआप योग्य जागी जायला लागतात. बिनशस्त्राने चेकपॉइंटवरून निघायची जी वाट आहे, ती शोधण्यात मला तर भरल्या हातांनी खेळण्यापेक्षा जास्त रस वाटतो. पहिली पॉवर कोणत्या शत्रूकडे आहे, तोपर्यंत कोणाला मारायचं आणि कोणाला नुसतं जाऊ द्यायचं, हे कागदावर लिहून ठेवणारी पोरं माझ्याकडे आहेत. शिरपूरकडचा एक पोरगा सातव्या स्टेजवर अडकला होता. दर वेळी मेला की "आखो एकदाव" (अजून एकदा) म्हणून परत बसायचा, रागाने नाही, आपण कुठे चुकलो ते कळल्यामुळे. मेमधल्या दुपारी, बाहेर पारा ४४ च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा वेळी त्याने ती स्टेज पार केली. सातवी स्टेज मी स्वतः पूर्ण न्यायाची मानत नाही. तिथे शत्रू इतक्या बाजूंनी येतात की पहिल्यांदा खेळणाऱ्याला कसलाच अंदाज येत नाही, तोंडपाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही. सहावी मला आवडते. अरुंद वाटांमधून मोठे चौकोनी ठोकळे सरकतात, आणि कोणत्या कोनाड्यात कधी शिरायचं हे एकदा कळलं की गोळी कमी आणि चाल जास्त असा खेळ होतो.

आणखी एक कारण आहे ते वेळेचं. गेम आठ स्टेजचा आहे. न मरता खेळलास तर सुमारे अर्ध्या तासात संपतो. भारनियमनाच्या काळात आम्हाला याचं महत्त्व फार होतं. वीज कधी जाईल सांगता येत नसे, सेव्ह करायची सोय नसे, आणि लांबलचक गेम अर्धवट राहायचे. अर्ध्या तासाचा गेम वर्षभर पुरतो, कारण त्यातलं एकही मिनिट भरतीचं नाही. आजही कामावरून आलेला माणूस जेवणाआधी एक डाव टाकू शकतो, आणि त्या एका डावात कालच्यापेक्षा थोडं पुढे गेल्याचं त्याला दिसतं.

आता तू करायचं काय. तुझ्या आवृत्तीत 'इन्फिनिट' नावाचा प्रकार आहे, त्यात लाइफ संपत नाहीत. त्यात आधी पूर्ण गेम एकदा बघून घे, किती वेळा मेलास ते मोजू नकोस. काही जाणकार याला नाक मुरडतात, मला त्यात काही गैर वाटत नाही. घाट एकदा मागच्या सीटवर बसून बघितला तर बिघडत नाही. त्यानंतर मात्र क्लासिक प्रकारात ये आणि पहिल्या दोनच स्टेज धर. दुसऱ्या स्टेजच्या बॉसला एक साप वेटोळे घालत आत-बाहेर करतो आणि वरचा डोळा मधूनच उघडतो. तो डोळा उघडा असतानाच चार्जचा झोत सोडायला शिकलास, की बटण दाबून धरायची शिस्त अंगी आली असं समज. चित्र नव्या आणि जुन्या रूपात बदलता येतं, तेव्हा सराव जुन्या रूपात कर. नवं रूप देखणं आहे, पण जुन्यात भिंतीची कड आणि गोळी स्पष्ट दिसते.

टीव्हीवर खेळत असशील तर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू कर. हे मी दुरुस्तीवाला म्हणून सांगतोय. नव्या टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते पडद्यावर दाखवायला वेळ लावतात. जुन्या काचेच्या टीव्हीत तो वेळ जवळजवळ नव्हता. तू बटण दाबतोस, विमान उशिरा हलतं, आणि तू स्वतःच्या रिफ्लेक्सला दोष देतोस. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच या एका सेटिंगने मिटल्या आहेत. मोबाइलच्या काचेवर बोट घासून हा गेम खेळू नकोस, विमान नेमकं किती हललं ते बोटाला कळत नाही. साधा वायरचा रिमोट घे, फुलीसारखी बटणं असलेला. विमान थोडं थोडं सरकवायला ती जॉयस्टिकच्या काडीपेक्षा बरी पडतात.

स्पीडच्या पॉवरबद्दल शेवटचं. दिसली म्हणून घेऊ नकोस. एक-दोन पुरतात. त्यापुढे विमान इतकं पळतं की अरुंद बोगद्यात भिंतीलाच जाऊन धडकतं, आणि त्या मरणात शत्रूचा काही संबंध नसतो. पहिल्या स्टेजमध्ये किती घ्यायच्या ते ठरव आणि महिनाभर तेवढ्याच घे, म्हणजे हाताला एक गती बसेल. बॉसपर्यंत पोहोचलास की कळव. पोटासमोरची उंची सापडली नाही तर रेकॉर्डिंग पाठव, मी बघून सांगतो.